मावळातून गेलेला अश्वारूढ : शिल्पकार विनायकराव करमरकर

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वडगाव सोडल्यानंतर व मळवली येण्यापूर्वी, कामशेत हे स्टेशन लागते. नाणे मावळ आणि पवन मावळ या दोहोंना सोयीचे असे हे इंद्रायणीकाठचे बाजाराचे गाव. भोवती भाताची खाचरे, नैर्ऋत्येस लोहगड व विसापूर यांचे जोड किल्ले, दक्षिणेच्या डोंगरात बेडशाची लेणी, तर पश्चिमेस थोड्याच अंतरावर भाजे व कार्ले. महाराष्ट्राच्या मूर्तिकलेचा इतिहास सांगू म्हणणाऱ्याने या गावाशी क्षणभर थांबावे, असे एक कारण आहे. आणि ते एका कोकणस्थ शिल्पकाराच्या चरित्राशी निगडित आहे.

बेडशाच्या चैत्यगृहासमोर जे उंच स्तंभ उभे आहेत त्यांच्या शिरोभागी हत्ती, बैल व घोडे कोरलेले असून त्यांवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या आरूढ आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे काम आहे. अश्वाची मान, त्याच्या पाठीवर सहजपणे बसलेला स्वार, स्वाराच्या अंगावरील अलंकार हे सर्व मावळच्या काळ्या पाषाणात अशा सफाईने उतरविले आहे, की छिन्नी धरणारा हात कोणा नवशिक्याचा नव्हता याविषयी पाहणाऱ्यास शंका राहत नाही. परंतु तो हात कोणाचा, हे मात्र कोणासही सांगता येत नाही. लेण्यांतील शिलालेख बहुधा दात्यांची नावे सांगतात. घडविणाऱ्यांची सांगत नाहीत. कार्ल्याच्या एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. एवढ्या मोठ्या लेण्यात कारागिराला नावाने ओळखावे अशी ही जागा विरळाच.

याच मावळच्या वाटेने, त्या अश्वारोहींनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, म्हणजे १९२८ साली, आणखी एक अश्वारूढ मूर्ती गेली. ती दगडाची नव्हती, ब्राँझची होती. ती मुंबईच्या माझगाव गोदीत ओतलेली असून आगगाडीने पुण्यास चालली होती. मूर्ती श्रीशिवछत्रपतींची होती. ती घडविणारे शिल्पकार म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांना त्यांचे परिचित नानासाहेब म्हणत. आज त्या पुतळ्यापुढे मान लववून जाणारे असंख्य आहेत. मूर्तिकाराचे नाव विचारले असता मात्र बहुतेकांस थांबावे लागते. सामी सुताराइतकेही भाग्य करमरकरांच्या वाट्यास येऊ नये, हे उचित नव्हे. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

करमरकरांचा जन्म १८९१ साली अलिबाग तालुक्यातील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर खाऱ्या पाण्याचा विस्तार, शेजारी कोळ्यांची वस्ती, आणि भाद्रपदात घरोघर येणारी शाडूची गणेशमूर्ती, हे त्या गावाचे जग. कोकणातील मुलाला मातीला आकार देण्याची ओळख शाळेत जाण्यापूर्वीच होते. विनायकास तर त्याचे वेडच होते. गावातील देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेल्या शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. त्या सुमारास कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड हे होते. हिंदुस्थानातील स्त्रीजीवनावर ज्यांनी पुढे ग्रंथ लिहिला आणि ज्यासाठी चित्रकार धुरंधरांनी चित्रे काढली, तेच हे गृहस्थ. गावी आले असता त्यांची दृष्टी त्या भिंतीवर गेली. चित्र कोणाचे, अशी चौकशी झाली, मुलाला बोलावणे झाले, आणि त्याला मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत पाठविण्याची व्यवस्था त्यांनी केली. एका अधिकाऱ्याच्या रसिकतेने एका मुलाचे आयुष्य वळणावर आले. परंतु भिंतीवर चित्र नसते तर त्या रसिकतेला दिसले तरी काय असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

करमरकर कलाशाळेत गेले त्या वेळी आपल्याकडील शिल्पकलेची स्थिती कशी होती, हे समजल्यावाचून त्यांच्या कामगिरीचे मोल ध्यानात येणार नाही. लेण्यांची व देवालयांची परंपरा थोर खरी; पण इंग्रजी अमदानीत मोठ्या शहरांच्या चौकांत जे पुतळे उभे राहू लागले ते विलायतेहून जहाजाने येत. मुंबईत १८७२ साली बसविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल यांचा. ज्याच्यावरून त्या भागाचे नावच ‘काळा घोडा’ पडले, तो युवराज एडवर्ड यांचा १८७९ सालचा अश्वारूढ पुतळा जोसेफ बोहेम यांचा. हिंदी मनुष्याने नक्षीकाम करावे, खांब कोरावेत, देव घडवावेत. परंतु जिवंत माणसाची हुबेहूब प्रतिमा, त्यातही घोड्यावर बसलेली, ही युरोपियन शिल्पकारानेच करावी, असा एक समज रूढ होऊन बसला होता. त्या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो गणपतराव म्हात्रे यांनी. १८९६ साली, वयाच्या अवघ्या विशीत, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही देवदर्शनास निघालेल्या महाराष्ट्रीय तरुणीची मूर्ती घडविली आणि सर्वांस थक्क केले. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या कवीने बंगालीत तिच्यावर लेख लिहिला. म्हात्र्यांनी हिंदी बोटांतील सामर्थ्य सिद्ध केले. तरी प्रचंड आकाराचा धातूचा पुतळा याच देशात ओतून उभा करणे, ही पायरी अद्यापि चढावयाची होती.

कलाशाळेत करमरकरांनी पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले. ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर-प्रतींवरून अभ्यास करावयाचा, प्रत्यक्ष माणूस समोर बसवून हाडे, स्नायू व त्वचा यांचा संबंध जाणावयाचा, आणि मग मातीत प्रतिकृती उतरवावयाची, अशी ती पद्धत. या अभ्यासात त्यांनी अग्रस्थान मिळविले व मानाचे लॉर्ड मेयो पदक पटकाविले. पुढे सुरेंद्रनाथ ठाकुर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे व सत्येंद्रनाथांचे चिरंजीव. सत्येंद्रनाथांची न्यायखात्यातील नोकरी मुंबई इलाख्यात झाली असल्यामुळे त्या घराण्याचा महाराष्ट्राशी जुना स्नेह होता. कलकत्त्यात करमरकरांनी आपली चित्रशाळा मांडली. तेथे त्यांस काम मिळाले, नाव मिळाले, आणि बंगालच्या सुसंस्कृत मंडळींचा सहवासही लाभला. १९२० साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी शिक्षण घेतले आणि धातूच्या ओतकामाचाही परिचय करून घेतला. मायदेशी परतून त्यांनी पुन्हा कलकत्त्यातच व्यवसाय सुरू केला. एवढ्यावर ते थांबते तरी एक यशस्वी व्यवसायी शिल्पकार म्हणून त्यांची गणना झाली असती.

इकडे पुण्यास एका स्मारकाची कथा रखडत चालली होती. शिवछत्रपतींचे भव्य स्मारक पुण्यात व्हावे ही कोल्हापूरच्या शाहूमहाराजांची उत्कट इच्छा. त्यांच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी भांबुर्डे येथे, ज्या भागास पुढे शिवाजीनगर म्हणू लागले तेथे, इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसली. युवराजांच्या स्वागतावर राष्ट्रीय पक्षाने बहिष्कार पुकारला होता, दोनच दिवसांपूर्वी मुंबईत दंगली उसळल्या होत्या. अशा क्षुब्ध वातावरणात हा समारंभ झाला. स्वराज्याच्या संस्थापकाच्या स्मारकाची पहिली शिळा परकी सत्तेच्या वारसाने बसवावी, यातील विसंगती तत्कालीनांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. परंतु शाहूमहाराजांना त्यातून स्मारक घडवून आणावयाचे होते. दुर्दैवाने ६ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कार्याची धुरा ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी उचलली, तो १९२५ साली तेही निवर्तले. कोल्हापूरचे राजाराममहाराज यांनी अखेर ते काम तडीस नेण्याचा निर्धार केला. पुतळा घडविण्याची जबाबदारी करमरकरांनी पत्करली.

ही जबाबदारी केवढी होती याची कल्पना यावी म्हणून ओतकामाची रीत थोडी समजून घेणे इष्ट आहे. शिल्पकार प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीची मूर्ती घडवितो. तीवरून प्लास्टरचा साचा घेतला जातो. धातूचा पुतळा भरीव नसतो. बाहेरचा साचा आणि आतील गाभा यांच्यामध्ये जी पातळ पोकळी ठेवतात तीत वितळलेला रस ओततात. ब्राँझ म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण. तांबे सुमारे १,०८५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळते. कथील घातल्याने तो अंश काहीसा उतरतो व रस अधिक प्रवाही होतो. आत कोंडलेली हवा बाहेर पडण्यास वाटा ठेवाव्या लागतात, नाही तर धातूत पोकळ बुडबुडे राहतात. साच्यात ओल उरली तर वाफ होऊन साचा फुटतो. मोठे पुतळे म्हणूनच बहुधा तुकड्या-तुकड्यांनी ओतून मागाहून जोडतात. करमरकरांनी मात्र हा पुतळा अखंड ओतण्याचे ठरविले. अखंड ओतावयाचे म्हणजे अनेक भट्ट्यांतील रस एकाच वेळी तयार पाहिजे आणि एकाच ओघाने साच्यात उतरला पाहिजे. एक भट्टी मागे राहिली, तर आधी गेलेला रस थिजून सांधा पडावयाचा, व अनेक महिन्यांचे श्रम फुकट जावयाचे.

असे काम कोठे करावे? मूर्तिशाळेत ते शक्य नव्हते. करमरकर माझगाव गोदीत गेले. जहाजांची अवजड अंगे-उपांगे ओतणारे कारखाने, ओझी उचलणाऱ्या याऱ्या आणि आगीशी खेळणारे अनुभवी कामगार तेथे होते. काळ्या घोड्यासारखे पुतळे ज्या बंदरात उतरले, त्याच बंदराच्या गोदीत महाराष्ट्राच्या राजाचा पुतळा महाराष्ट्रातील हातांनी ओतला. उंची सुमारे १३.५ फूट, वजन सुमारे ८ टन. ओतकाम साधले आणि विलायतेवाचून हे होत नाही हा समज त्या दिवशी संपला. यात करमरकरांचे श्रेय मोठे, परंतु भट्टीसमोर घामाने निथळणाऱ्या गोदी-कामगारांचा वाटाही थोडा नाही. त्यांची नावे बेडशाच्या पाथरवटांप्रमाणेच काळाच्या उदरात गेली.

आता पुतळा पुण्यास न्यावयाचा होता, आणि मध्ये सह्याद्री उभा होता. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा त्यावर २५ बोगदे खोदलेले होते. घाटाची चढण सुमारे १,८०० फुटांची. नेहमीच्या वाघिणीवर पुतळा उभा केला असता तर त्याचा माथा बोगद्याच्या कमानीस लागला असता. यासाठी मधोमध खोलगट असलेली खास वाघीण योजावी लागली. शिवाजीमहाराजांच्या चरित्राशी परिचित असलेल्या माणसास ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण वाटेल. ज्या घाटवाटांच्या बळावर महाराजांनी बलाढ्य शत्रूंस जेरीस आणले, त्याच सह्याद्रीच्या पोटातून त्यांची मूर्ती मान राखून बाहेर पडली. खंडाळा व लोणावळे मागे टाकून, डावीकडे कार्ल्याचा व उजवीकडे लोहगड-विसापूरचा डोंगर ठेवून ती गाडी मळवलीवरून कामशेतला आली. लोहगड महाराजांनी १६४८ साली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि १६७० साली परत जिंकला. ज्या मावळ्यांच्या मनगटावर हे घडले त्यांच्याच वंशजांच्या शेताबांधावरून हा प्रवास झाला. मावळात मृगापूर्वीच पेरणीची लगबग सुरू होते. त्या वर्षीही ती चुकली नसेल.

१६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. शिवछत्रपतींचा असा भव्य अश्वारूढ पुतळा लोकांनी प्रथमच पाहिला. १९३२ साली त्या परिसरात श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले व पुतळा विद्यार्थ्यांच्या नित्य दर्शनाचा झाला. देवळाच्या भिंतीवर कोळशारंगाने रेखाटलेल्या बालपणीच्या स्वारापासून या आठ टनी स्वारापर्यंतचे अंतर करमरकरांनी वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच तोडले होते. त्या पुतळ्यानंतर महाराष्ट्रात शिवाजीमहाराजांचे पुतळे गावोगाव झाले. परंतु पुढील मूर्तिकारांस आदर्श म्हणून पाहण्याजोगे काही समोर होते, करमरकरांसमोर तसे ते नव्हते.

या यशानंतर करमरकर मुंबईकडे आले. मोठमोठी कामे त्यांच्याकडे येऊ लागली. श्रीमंतांचे, पुढाऱ्यांचे व संस्थानिकांचे पुतळे करणे हा शिल्पकाराच्या पोटाचा धंदा. तो त्यांनी चोख केला. परंतु त्यांच्या अंतःकरणाची ओळख व्हावयाची असेल तर ज्या मूर्ती कोणी सांगितल्या नाहीत व ज्यांचे कोणी पैसे दिले नाहीत, त्या पाहिल्या पाहिजेत. ‘शंखध्वनी’ ही शंख फुंकणाऱ्याची मूर्ती त्यांपैकी एक. तिला १९३० साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. फुगलेले गाल, ताणलेली मान, श्वास कोंडून धरलेली छाती; पाहणाऱ्यास शंखाचा नाद ऐकू यावा असे ते काम. ‘मत्स्यगंधा’, ‘हिरा कोळीण’, ‘नमस्ते’ या मूर्तींमधून सासवण्याच्या समुद्रकाठचीच माणसे उभी राहिली. आणि घरची म्हैस! तीही त्यांनी पूर्णाकृती घडविली. विशेष हे, की ब्राँझ व संगमरवर महाग म्हणून अशा कामांसाठी त्यांनी सिमेंटचा सढळ उपयोग केला. इमारतीच्या पायात जाणाऱ्या या सामान्य द्रव्याने त्यांनी म्हशीच्या पाठीवरील कातडीची सैल घडी व डोळ्यांतील मंद समाधान दाखविले.

कोणी असा आक्षेप घेतील, की करमरकरांची शैली वास्तववादी, विलायती शाळेतून आलेली. तीत बेडसे-कार्ल्याच्या परंपरेचे काय उरले? या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढे आलेल्या पिढीतील कलावंतांना हुबेहूबपणाचा कंटाळा आला होता व त्यांनी निराळ्या वाटा शोधल्या. परंतु परंपरा म्हणजे केवळ जुन्या आकारांची नक्कल नव्हे. बेडशाच्या शिल्प्याने आपल्या काळचे स्त्रीपुरुष, त्यांचे दागिने, त्यांची जनावरे दगडात आणली. करमरकरांनी आपल्या काळची कोळीण व आपल्या गोठ्यातील म्हैस सिमेंटमध्ये आणली. साधन परके असले तरी दृष्टी घरची होती. राजाच्या घोड्याला जेवढी निष्ठा त्यांनी दिली, तेवढीच गावच्या म्हशीला दिली; आणि याच समदृष्टीमुळे त्यांचा घोडा केवळ दरबारी थाटाचा झाला नाही, खरा झाला.

सरकारने १९६२ साली त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. सासवणे येथील त्यांचे राहते घर व आवार हे आता ‘करमरकर शिल्पालय’ म्हणून प्रेक्षकांस खुले आहे. अंगणातच मूर्तींची भेट होऊ लागते. कोणी बसले आहे, कोणी ओणवले आहे, आणि म्हैस नुकतीच रवंथ करीत बसल्यासारखी दिसते. शहरातील संग्रहालयात मूर्ती काचेपलीकडे असतात; येथे त्या ज्या माणसांच्या आहेत त्यांच्याच गावात, त्यांच्याच उन्हापावसाच्या शेजारी आहेत. मुंबईहून होडीने मांडव्यास उतरून तेथे जाणे अवघड नाही.

कामशेत स्टेशनावरून रोज शेकडो लोक पुण्यास जातात. त्यांपैकी ज्यांची मुले शिवाजीनगरच्या बाजूस शिकतात, त्यांनी कधी सवडीने तो पुतळा मुलांना दाखवावा. महाराजांचा पराक्रम मुलांना ठाऊक असतोच. त्यासोबत सासवण्याच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलाची, माझगावच्या भट्ट्यांची व बोगद्यांतून जपून आणलेल्या त्या वाघिणीचीही गोष्ट सांगावी, आणि मूर्तिकाराचे नाव मुलांकडून एकदा म्हणवून घ्यावे. बेडशाच्या स्तंभावरील स्वार ज्याने कोरला त्याचे नाव विचारण्याची सोय आता राहिलेली नाही. विनायक पांडुरंग करमरकरांच्या बाबतीत ती अद्यापि आहे.